बाबांचा सीपीयू घेऊन नेहरू प्लेसला

ग्वाल्हेरचं घर आवरून आई आमच्याकडे फरिदाबादला राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन बॅगा, देवांचा डबा, लोणच्याची बरणी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक सीपीयू होता. फ्रिज तिने शेजाऱ्यांना दिला, लोखंडी कपाट भाडेकरूला दिलं. सीपीयू मात्र रेल्वेत स्वतःशेजारी ठेवून, त्यावर हात टाकून आणला.

‘‘आई, हा चालू तरी होतो का?’’ मी विचारलं.

‘‘नाही होत. पण ह्यांचं लिखाण आहे ना त्यात.’’

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. नोकरीत त्यांचा सगळा जन्म हिंदी टायपिंगमध्ये गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कॉम्प्युटर जोडून घेतला आणि रोज दुपारी जेवणानंतर त्यासमोर बसून आठवणी लिहू लागले, त्याही मराठीत. आईने वाचायला मागितलं की म्हणत, ‘‘पुरं होऊ दे, मग वाच.’’ पुरं व्हायच्या आत ते गेले. दोन महिन्यांनी कॉम्प्युटरही बंद पडला. बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा.

तसा तो कॉम्प्युटर पहिल्यापासूनच हट्टी होता. बाबांनी त्याच्या रुसव्याफुगव्यांची एक वहीच ठेवली होती. तीही आईने आणली होती. ‘प्रिंटर कागद अडकला म्हणतो. कागद अडकलेला नसतो. बंद करून वीसपर्यंत मोजावे.’ ‘माउस हलत नसल्यास वायर काढून पुन्हा लावावी. रागावू नये.’ आणि पहिल्याच पानावर लाल शाईत: ‘सकाळी तारीख चुकीची दाखवतो. एफ-वन दाबून, तारीख घालून मगच काम सुरू करावे.’ रोज देवपूजा करावी तशी ते रोज त्या कॉम्प्युटरला आजची तारीख सांगत.

ग्वाल्हेरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, ‘‘हे मॉडेल संपलं, नवा घ्या.’’ मग कुणीतरी आईला म्हणालं, दिल्लीत नेहरू प्लेस आहे, तिथे मेलेला कॉम्प्युटरही उठून बसतो. तेव्हापासून तिने माझ्यामागे लकडा लावला.

कमळाच्या शेजारचा बाजार

फरिदाबादहून नेहरू प्लेसला जायला मेट्रोची व्हायोलेट लाइन सरळ नेते, गाडी बदलावी लागत नाही. सीपीयू मोठ्या पिशवीत घातला आणि एका शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी निघालो. स्टेशनवर सामान तपासायच्या एक्स-रे यंत्रापाशी आई अडून बसली.

‘‘आतलं पुसलं गेलं तर?’’

हार्ड डिस्कवर माहिती चुंबकीय खुणांनी लिहिलेली असते, क्ष-किरणांनी ती पुसली जात नाही, हे मी तिला समजावलं. तरी पिशवी पट्ट्यावरून आत जाऊन दुसऱ्या टोकाला बाहेर येईपर्यंत तिचे ओठ हलत होते.

कालकाजी मंदिर स्टेशन जवळ आलं की खिडकीतून कमळ मंदिर दिसतं. पांढऱ्या संगमरवराच्या २७ पाकळ्यांचं हे बहाई उपासनामंदिर १९८६मध्ये खुलं झालं. त्याच्याच आसपास जुनं कालकाजी देवीचं मंदिर. आणि पुढचंच स्टेशन नेहरू प्लेस. दोन देवस्थानांच्या शेजारी तिसरं, बिघडलेल्या यंत्रांचं. तिथेही गर्दी तशीच, नवस तसेच.

दिल्ली विकास प्राधिकरणाने हे व्यापारी केंद्र १९७० आणि ८०च्या दशकांत वसवलं. मधोमध फरसबंदीचा लांबरुंद चौक आणि त्याभोवती उंच इमारती. खाली दुकानं, वर कचेऱ्या. मधल्या जिन्यांखाली, बोळांत, जिथे टेबल मावेल तिथे दुरुस्तीची दुकानं. चौकात पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी हाका सुरू होतात. ‘‘लॅपटॉप? प्रिंटर? टोनर? मॅडम, क्या चाहिए?’’ जमिनीवर कापड पसरून कीबोर्ड, चार्जर, लॅपटॉपच्या बॅगा, मोबाइलच्या काचा मांडलेल्या. एके काळी चोरीच्या सॉफ्टवेअरच्या सीडीही इथे उघड्यावर मिळत. त्यापायी अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जगभरातल्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचं नाव घातलं होतं.

आईला मात्र वेगळंच दिसलं. ‘‘अगं, इथे तर कापडाची दुकानं आहेत!’’ खरंच आहेत. पडद्यांचं, सोफ्याचं, कुर्त्यांचं कापड घ्यायला दिल्लीतल्या बायका नेहरू प्लेसला येतात. कॉम्प्युटरच्या बाजारात आईला पहिला धीर आला तो एका ठाण्यावरच्या निळ्या सुती कापडाने.

तीन दुकानं

पहिल्या दुकानात पिशवी उघडायच्या आतच उत्तर मिळालं. ‘‘ये तो म्युझियम का माल है. नया असेंबल करवा लो, पुराना हम रख लेंगे.’’ ‘रख लेंगे’ ऐकताच आईने पिशवीचे बंद घट्ट धरले.

दुसऱ्या दुकानातला मुलगा गोड बोलत होता. त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘‘हो जाएगा, आंटीजी. बोर्ड बदल देंगे, फॉरमॅट मार देंगे, नया सॉफ्टवेअर डाल देंगे. शाम को ले जाओ.’’

आई खूश झाली. माझ्या पोटात गोळा आला. ‘फॉरमॅट मारणे’ हे कॉम्प्युटरच्या बाजारातलं सगळ्यात सहज उच्चारलं जाणारं वाक्य आहे. दुकानदाराच्या दृष्टीने ते पाटी पुसणं. यंत्र चालू झालं की त्याचं काम झालं. पाटीवर काय लिहिलं होतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी विचारलं, ‘‘आतल्या फाइल्सचं काय?’’ तो म्हणाला, ‘‘फाइल भी चाहिए? पहले बोलना था.’’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलोच नव्हतो. आम्हाला हवे होते फक्त बाबांचे शब्द. हा फरक घरून निघताना माझ्याही लक्षात आला नव्हता.

तिसरं दुकान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या बोळातलं एक टेबल. मागे पिकल्या मिशांचा एक कारागीर, डोळ्याला भिंग लावून कुठलासा बोर्ड सोल्डर करत बसलेला. या वेळी मी आधी सांगितलं, ‘‘भाईसाब, मशीन नहीं चाहिए. अंदर का लिखा हुआ चाहिए.’’

त्याने भिंग काढलं. ‘‘तो फिर मशीन को हाथ ही क्यों लगाना?’’

त्याने झाकण उघडून आम्हाला आत बघायला बोलावलं. बोर्डावर लहान लहान पिंपांसारखे कपॅसिटर उभे होते. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. यातले चार-पाच माथे पुरीसारखे फुगले होते, एकातून तपकिरी द्रव बाहेर येऊन वाळला होता. कपॅसिटरचं काम बोर्डाला स्थिर वीज पुरवणं. ते गेले की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण मेंदू जागा होत नाही. त्या काळच्या कितीतरी बोर्डांना हाच आजार झाला, असं तो म्हणाला. मग एका नाण्याएवढ्या बॅटरीवर बोट ठेवून त्याने विचारलं, ‘‘तारीख भूलता था क्या?’’

आई चकित झाली. ‘‘हो! रोज!’’

कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम ही छोटी बॅटरी करते. ती काही वर्षांनी संपते. मग वीज गेली की कॉम्प्युटर तारीख विसरून कारखान्यातून निघतानाच्या जुन्या तारखेवर जातो. बाबा रात्री मेन स्विच बंद करायचे, म्हणून रोज सकाळी विसर. ‘‘थोडेसे पैसों की चीज है,’’ तो म्हणाला. बाबांनी कित्येक वर्षं रोज हाताने तारीख घातली होती. आई काही बोलली नाही. वहीच्या पहिल्या पानावरच्या लाल अक्षरांवरून तिने बोट फिरवलं.

कारागिराने चार स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली. हातावर मावेल एवढी, ४० जीबीची. आजच्या साध्या मोबाइलमध्येही याहून जास्त मावतं. जुन्या पद्धतीच्या रुंद पट्टीच्या केबलची ती डिस्क आजच्या कॉम्प्युटरला सरळ जोडता येत नाही. त्यासाठी तिला यूएसबीत बदलणारा जोड लागतो, तो त्याच्या खणात होता. वीज देऊन त्याने डिस्क कानाशी नेली. ‘‘टक-टक करती तो मैं हाथ जोड़ लेता. ये तो ठीक घूम रही है.’’ टक-टक आवाज म्हणजे आतला वाचणारा भाग अडखळतोय. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हाच सगळ्यात मोठा धोका.

पडद्यावर फोल्डर उघडलं. फाइल्स होत्या! एक ते त्रेसष्ट, बाबांनी प्रत्येकीला ओळीने आकडा घातला होता. बऱ्याचशा फाइल्सवर एकच तारीख होती: १ जानेवारी २००२. ज्या दिवशी तारीख घालायचं राहिलं, त्या दिवसाचं लिखाण या एकाच तारखेला जमा झालं होतं. म्हणूनच त्यांनी आकडे घातले असणार.

कारागिराने पहिली फाइल उघडली, आणि पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांच्या ओळी आल्या. लहान लिपीतली, मोठ्या लिपीतली, मधेच अर्धविराम, मधेच कंस. दुसरी फाइल तशीच, तिसरीही तशीच.

‘‘करप्ट लगती है,’’ तो हळूच म्हणाला.

आईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ‘‘हे इंग्रजी येत असूनसुद्धा इंग्रजीत लिहीत नव्हते गं.’’

‘कौन आई?’

समोरच्या गाळ्यात एक बाई फॉर्म भरून देण्याचं आणि प्रिंट काढायचं काम करत होत्या. त्या चहाचा ग्लास घेऊन सहज डोकावल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘ये करप्ट नहीं है जी, कृतिदेव है.’’

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत व्ही, के, बी, झेड अशी चार अक्षरं होती. ‘‘ये देखो, ‘आई’ लिखा है,’’ त्या म्हणाल्या आणि आईकडे वळल्या, ‘‘कौन आई?’’

आई हसली. ग्वाल्हेर सोडल्यापासून तिला इतकी मोकळी हसताना मी पाहिलं नव्हतं. ‘‘कोई नहीं आई, बेटा. मराठी में माँ को आई कहते हैं.’’

त्या बाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर फाइल घेतली, सगळा मजकूर निवडला, फाँटच्या यादीतून कृतिदेव शोधून त्यावर टिचकी मारली. एका क्षणात पानभर देवनागरी उभी राहिली. पहिलं वाक्य होतं: ‘आई ग्वाल्हेरला आली तेव्हा तिच्या सामानात एक जातं होतं, आणि सगळे तिला हसले होते.’

कारागीर, त्या बाई आणि मी, तिघंही गप्प होतो. आई तेवढी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

झालं होतं ते असं. बाबांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा मराठी-हिंदी टायपिंगची सर्रास वापरली जाणारी पद्धत वेगळी होती. कॉम्प्युटर इंग्रजी अक्षरंच साठवायचा. फाँट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवायचा, जणू इंग्रजी अक्षराला मराठी मुखवटा. मुखवटा काढला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकात लिहिलेलं दुसऱ्यात वाचता येत नसे. कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरसारखी, त्यामुळे बाबांसारख्या जुन्या टायपिस्टांची बोटं तिथे आपोआप वळत. उत्तरेकडच्या कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या वर्गांत तो अजून चालतो. म्हणूनच मराठीचा एक शब्द न येणाऱ्या त्या बाईंना बाबांचं मराठी वाचता आलं.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. ‘अ’ म्हणजे ‘अ’च, कुठल्याही फोनवर, कुठल्याही फाँटमध्ये. आज आपण मोबाइलवर मराठीत निरोप पाठवतो आणि तो समोरच्याला मराठीतच दिसतो, ही त्याचीच कमाई. पण त्याआधीचं आणि त्यानंतरही जुन्या सवयीने लिहिलेलं किती लिखाण अशा मुखवट्यांमागे घराघरांत पडून असेल! घरच्यांना वाटत असेल, फाइल बिघडली. कुणीतरी ती पुसूनही टाकली असेल.

कारागिराने सगळ्या फाइल्स दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या आणि आठशे रुपये घेतले. समोरच्या बाईंनी पहिल्या पानाची प्रिंट काढून दिली, तिचे दहा रुपये. वर मागूनही घेईनात. आईने पिशवीतून लाडवांचा डबा काढून त्यांच्यापुढे धरला, तेव्हा मात्र त्यांनी दोन उचलले.

तुम्हीही जाणार असाल तर

दिल्लीचं नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट की बंगळुरूचा एसपी रोड, जुना कॉम्प्युटर घेऊन जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा.

आपल्याला यंत्र हवंय की आतलं लिखाण-फोटो, हे आधी ठरवा आणि दुकानात पहिल्याच वाक्यात सांगा. दोन्ही हवं असेल तर आधी फाइल्स उतरवून घ्या, दुरुस्ती नंतर. ‘फॉरमॅट’ शब्द ऐकला की थांबा.

कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे हार्ड डिस्क गेली, असं नाही. बोर्ड वेगळा, डिस्क वेगळी. मात्र डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर वीज ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका.

हाक मारून दुकानात ओढणाऱ्याच्या मागे जाऊ नका. डिस्क शक्यतो डोळ्यांसमोर उघडून घ्या. ठेवून जायची वेळ आली तर तिच्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि पावती घ्या. रविवारी नेहरू प्लेसची बरीचशी दुकानं बंद असतात.

आणि फाइल उघडल्यावर अगम्य इंग्रजी दिसलं, तर ती टाकून देण्याआधी जुन्या टायपिस्टला दाखवा. मजकूर वाचता आला की तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, जमल्यास कागदावरही छापा.

चौसष्टावी फाइल

परतताना आईला कालकाजीचं दर्शन हवं होतं, पण सीपीयूचं ओझं घेऊन रांगेत उभं राहणं होईना. ‘‘राहू दे, देवी बघतेय,’’ म्हणत तिने मेट्रोतूनच हात जोडले. रिकामा सीपीयू टाकून द्यायला ती तयार झाली नाही. तो आता आमच्या बाल्कनीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी.

युनिकोडमध्ये बदलताना बाबांच्या मजकुरात पुष्कळ चुका झाल्या. वेलांट्या सरकल्या, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले. आम्ही रोज रात्री एक फाइल घेतो. मी मोबाइलवर मजकूर उघडते, आई छापलेला कागद मोठ्याने वाचते, मी दुरुस्त करत जाते. वाचता वाचता ती थांबते. ‘‘हे चूक आहे. पाऊस लग्नाच्या दिवशी नव्हता, आदल्या दिवशी होता.’’ मी विचारते, बदलू का? ती म्हणते, ‘‘नको. ह्यांनी लिहिलंय तसंच ठेव.’’

त्रेसष्टावी फाइल अर्ध्या वाक्यात संपते. ‘तेव्हा तुझ्या आईने मला जे सांगितलं ते असं, की’ एवढंच.

त्या रात्री आई बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ‘‘नवीन फाइल उघड. काय सांगितलं होतं ते मी सांगते.’’

मी चौसष्ट आकडा घातला. आई सांगू लागली, मी टाइप करू लागले. दोन ओळी झाल्यावर ती मधेच थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘आजची तारीख घातलीस ना?’’